शिरगणती

विद्यार्थ्यांना घेऊन परदेशी जाणाऱ्या शिक्षकाच्या वाट्याला प्रत्यक्षात एकच काम येते, आणि ते म्हणजे मोजणे. विमानतळावर मोजायचे, बसच्या पायरीशी मोजायचे, फलाटावर मोजायचे, प्रसाधनगृहातून सगळे परत आले की मोजायचे आणि त्यातला एक पुन्हा आत गेला की नव्याने मोजायचे. आमचा आकडा १९ होता. जपानी भाषेच्या पहिल्या दोन पायऱ्या चढलेले १९ विद्यार्थी, एक सहकारी सर आणि मी, असे आम्ही दहा दिवसांसाठी जपानला गेलो होतो. त्या दहा दिवसांतल्या किती गोष्टी मी नीट पाहिल्या याविषयी मला शंका आहे, कारण माझी नजर बहुतेक वेळा डोक्यांवर होती.

गट ही मोठी सोय असते. हरवण्याची भीती नसते, तिकिटे कोणीतरी काढलेली असतात, आजारी पडले तर उशाशी बसायला माणूस असते. पण हाच गट परक्या देशात एक चालता-फिरता पडदाही होतो, हे माझ्या हळूहळू लक्षात येत गेले. आत मराठी बोलणे चाललेले, मराठी विनोद, मराठी रुसवेफुगवे. बाहेरचा देश खिडकीतून सरकणाऱ्या देखाव्यासारखा. या प्रवासात जे काही खरोखर घडले ते या पडद्याला जिथे जिथे भोक पडले तिथे घडले, असे मला आज वाटते.

नारा येथे पहिल्या दिवशी असे काहीच घडले नाही. तिथल्या हरणांनी मुलांना जिंकून घेतले. हरणे मान लववतात, मुलेही मान लववतात, मग हरणे बिस्कीट खातात आणि बिस्कीट संपल्यावर सदऱ्याचे टोकही खातात. नंतर तोदाइजी मंदिरात आम्ही शिरस्त्याप्रमाणे सामूहिक छायाचित्र काढले. ते आज पाहताना हसू येते, कारण त्यात १९ चेहरे कॅमेऱ्याकडे आणि १९ पाठी महाबुद्धाकडे आहेत.

त्या सुमारे १५ मीटर उंचीच्या मूर्तीसमोर उभी राहून मी बोधिसेनाची गोष्ट सांगितली, जी सांगण्यासाठी मी कित्येक आठवडे उत्सुक होते. बोधिसेन हा भारतातला भिक्षू. तो चीनमार्गे ७३६ साली जपानला पोहोचला आणि ७५२ साली या मूर्तीच्या नेत्रोन्मीलनाचा विधी त्याच्या हातून झाला. ज्या कुंचल्याने त्याने डोळ्यांची बुबुळे रेखाटली त्याला लांब दोऱ्या बांधल्या होत्या आणि जमलेल्या लोकांनी त्या हातात धरल्या होत्या, म्हणजे डोळे उघडण्याचे पुण्य एकट्या भिक्षूच्या पदरात न पडता सगळ्यांच्या हातून ते काम व्हावे. मंदिराला दोनदा आगी लागल्या, मूर्ती वितळली, पुन्हा ओतली गेली, आणि आजचे तिचे मस्तक तर सतराव्या शतकातले आहे. परंतु तो कुंचला आणि निळ्या रेशमाची दोरी मात्र शोसोइन या शाही भांडारात अजून जपून ठेवलेली आहे. कांस्य गेले आणि रेशीम राहिले, हे मला दर वेळी विलक्षण वाटते.

मुलांनी ऐकले. काहींनी टिपून घेतले. एकाने विचारले, ‘मॅडम, म्हणजे आपली वर्णमालाही तेव्हाच गेली का इथे?’ प्रश्न चांगला होता. जपानी अक्षरे ज्या क्रमाने शिकवली जातात तो आ, इ, उ, ए, ओ आणि पुढे का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा असा आहे, आणि बौद्ध भिक्षूंनी सिद्धम् लिपीतून केलेल्या संस्कृतच्या अभ्यासाची छाया त्या क्रमावर स्पष्ट दिसते. ‘हा’ मध्येच कुठून आला, असे विद्यार्थी नेहमी विचारतात. त्या जागी पूर्वी ‘पा’ उच्चारला जाई, हे कळले की पवर्ग आपल्या जागी येऊन बसतो आणि वर्गात एक समाधानाचा हुंकार उमटतो. तो इथेही उमटला. पण खरे सांगायचे तर तो तास होता. मी मराठीत शिकवत होते, मुले मराठीत शिकत होती आणि महाबुद्ध फळ्याच्या जागी बसला होता.

त्या संध्याकाळी परतताना आगगाडीत आम्ही फार बोललो. मोठ्याने नव्हे, नेहमीसारखेच. डब्यात बाकी कोणी बोलत नव्हते. फोन कोणाचा वाजत नव्हता. आमच्याकडे कोणी रागाने पाहिले नाही, कोणी ‘शू’ केले नाही. एक वृद्ध गृहस्थ फक्त उठले, किंचित मान लववून आमच्यामधून वाट काढत पुढच्या डब्यात गेले. मुलांपैकी दोघींना काय झाले ते कळले आणि त्यांनी इतरांना खुणा केल्या. खोलीवर आल्यावर त्यांतली एक म्हणाली, ‘त्यांनी ओरडायला हवं होतं. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.’ ‘मेइवाकु’ या शब्दाचा अर्थ मी वर्गात ‘दुसऱ्याला होणारा उपद्रव’ असा सांगते. त्या दिवसापासून तिला तो सांगावा लागला नाही.

या गाडीतल्या प्रसंगावरून जपानी माणूस किती शिस्तीचा वगैरे निष्कर्ष काढणे सोपे आहे आणि परतल्यावर पालकांच्या सभेत मी तो काढलाही. पण शांततेलाही किंमत असते. तीन दिवसांनी एका गावातल्या माध्यमिक शाळेत आम्ही गेलो तेव्हा आमच्यातल्या एका कुरळ्या, तांबूस केसांच्या मुलीला तिथल्या मुलींनी घेरले आणि प्रश्न एकच विचारला : तुझ्या शाळेत हे चालते? केसांचा रंग, रिबिनीचा रंग, मोज्यांची लांबी यांविषयीचे नियम अनेक जपानी शाळांत इतके बारीक असतात की २०१७ साली ओसाकात एका विद्यार्थिनीने आपले मुळातलेच तपकिरी केस काळे करायला लावल्याबद्दल न्यायालयात दाद मागितली होती, आणि त्यावरून देशभर चर्चा झाली. डब्यातली शांतता आणि हा नियम एकाच मुळाचे आहेत की नाहीत, हे मला ठरवता येत नाही. पण एकाचे कौतुक करताना दुसरा डोळ्यांआड करू नये एवढे वाटते.

हिरोशिमाला आम्ही सकाळी पोहोचलो. शांतता स्मारक उद्यानात पाय ठेवताच दिसले की इथे सहली आमच्याआधीच आलेल्या आहेत : पिवळ्या टोप्यांची लहान मुले, गणवेशातले मोठे विद्यार्थी, पुढे झेंडी धरलेले मार्गदर्शक आणि मागे, माझ्यासारखेच, ओठांत आकडे पुटपुटणारे शिक्षक. जपानमध्ये शाळेच्या शैक्षणिक सहलीला ‘शूगाकु र्योको’ म्हणतात आणि ती जवळजवळ प्रत्येक विद्यार्थ्याच्या आयुष्यात येते. तिची सुरुवात १८८६ साली तोक्योच्या एका शिक्षक-प्रशिक्षण शाळेच्या लांबच्या पायी कूचापासून झाली असे मानतात. आता पायपीट उरलेली नाही, पण ‘शिओरी’ उरली आहे. ही प्रत्येक मुलाच्या हातातली छोटी पुस्तिका असते आणि तिच्यात वेळापत्रक, गटप्रमुखांची नावे, नकाशा, सोबत आणायच्या वस्तू आणि पाहिले ते लिहायला कोरी पाने असतात. पुष्कळदा ती मुलांनीच तयार केलेली असते. आमच्या मुलांजवळ यातले काहीच नव्हते. सगळे वेळापत्रक माझ्या फोनमध्ये होते आणि तो फोन माझ्याजवळ होता. त्या पुस्तिका पाहताना मला पहिल्यांदा वाटले की मी या मुलांची सहल त्यांच्या हातात दिलेलीच नाही.

अणुबाँबने उद्ध्वस्त झालेला घुमट मी त्यांना दाखवला. १९१५ साली यान लेट्झेल या चेक वास्तुविशारदाने बांधलेली ती प्रदर्शनाची इमारत होती. ६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी सव्वाआठ वाजता जवळजवळ तिच्या माथ्यावरच स्फोट झाला. परंतु मुले थांबली ती घुमटापाशी नव्हे, तर त्यांच्याच वयाच्या माणसांपाशी. सादाको सासाकी ही स्फोटाच्या वेळी दोन वर्षांची होती. १९५५ साली, बारा वर्षांची असताना, ती रक्ताच्या कर्करोगाने गेली, आणि तिच्या शाळासोबत्यांनी सुरू केलेल्या मोहिमेतून जमलेल्या पैशांवर १९५८ साली मुलांचे शांतिस्मारक उभे राहिले. तिथे जगभरातून दर वर्षी सुमारे १ कोटी कागदी बगळे येतात, हे मी पूर्वीही सांगितले होते. पण त्या काचेच्या कपाटांत माळांमागून माळा लटकताना पाहणे वेगळे होते. दुसरी गोष्ट ट्रामची. युद्धात पुरुष सैन्यात गेल्यामुळे हिरोशिमाच्या ट्राम त्या काळात कंपनीच्याच शाळेतल्या किशोरवयीन मुली चालवत होत्या, आणि स्फोटानंतर तीनच दिवसांनी, ९ ऑगस्टला, एका छोट्या टप्प्यावर ट्राम पुन्हा धावली. ती बातमी ऐकून आमच्या एका मुलाने विचारले, ‘तिकीट घेतलं असेल का त्यांनी?’ कोणी हसले नाही. मलाही उत्तर देता आले नाही.

स्मारकाच्या दगडी पेटीवरचा लेख वाचून त्याचे भाषांतर करायचे, हा मी त्यांना दिलेला स्वाध्याय होता. तो लेख तादायोशी साइका या हिरोशिमा विद्यापीठातल्या प्राध्यापकांनी लिहिला, जे स्वतः स्फोटातून वाचलेले होते. त्याचा अर्थ असा : शांतपणे निजा, चूक पुन्हा करणार नाही. कोण करणार नाही? जपानी वाक्यात कर्ता नाही. क्रियापदही ते सांगत नाही. या नसलेल्या कर्त्यावरून केवढे वाद झाले! दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी नेत्यांवर चाललेल्या तोक्यो खटल्यात वेगळा निकाल देणारे भारतीय न्यायमूर्ती राधाबिनोद पाल १९५२ साली तिथे आले तेव्हा त्यांनीही आक्षेप घेतला की बाँब टाकणारे जपानी नव्हते, मग ही चूक कोणाची? साइका यांचे म्हणणे असे की तो कर्ता म्हणजे सारी माणसे. इंग्रजीत हे वाक्य नेताना ‘आम्ही’ घालावेच लागते. आमच्या मुलांनी मराठीत प्रयत्न केले. ‘करणार नाही’ म्हटले की मी, तू आणि तो यांपैकी कोणीही चालतो. ‘होऊ देणार नाही’ म्हटले की कोणीतरी छाती काढून उभा राहतो. ‘होणार नाही’ म्हटले की माणूसच नाहीसा होतो आणि चूक पावसासारखी आपोआप थांबल्यासारखी वाटते. त्या दगडासमोर, उन्हात, एका क्रियापदावर २० मिनिटे वाद चालला. मी त्यात एकदाही पडले नाही. अध्यापनाच्या इतक्या वर्षांतला तो माझा सर्वांत चांगला तास असावा.

त्या वादातच पडद्याला पहिले भोक पडले. पाच-सहा जपानी शाळकरी मुले हातात पाटीला चिमटलेले कागद घेऊन कितीतरी वेळ शेजारी उभी होती. परदेशी पाहुण्यांशी इंग्रजीत बोलायचे आणि त्यांच्याकडून शांततेविषयी दोन ओळी लिहून घ्यायच्या, हा त्यांच्या सहलीतला नेमून दिलेला अभ्यास होता. त्यांनी पाठ केलेले इंग्रजी वाक्य म्हटले, आमच्या मुलांनी जपानीत उत्तर दिले, त्यांनी ‘ए!’ असा जो सामूहिक उद्गार काढला तो अजून माझ्या कानात आहे. मग दोन सहली एकमेकींत मिसळल्या आणि मला मोजता येईनासे झाले. ‘तुमच्या लिपीत लिहा,’ असे एका मुलीने सांगितल्यावर आमच्यातला सर्वांत बोलका मुलगा, जो विमानात शेजारच्या अनोळखी माणसालाही झोपू देत नसे, तो पेन हातात धरून नुसता उभा राहिला. शेवटी त्याने काहीतरी लिहिले, आणि तिने ते वाचून दाखवायला लावले. काय लिहिले होते ते त्याने आम्हाला सांगितले नाही.

यानंतर तीन रात्री मुले डोंगराळ भागातल्या एका गावात, दोघे-दोघे, नऊ घरांत राहिली. १९ वी मुलगी आणि मी एका आजींकडे होतो. सहकारी सर शाळेच्या मुख्याध्यापकांकडे होते आणि त्यांची जपानी भाषा दोन शब्दांची असल्यामुळे त्यांना सर्वांत जास्त मजा आली, असे ते अजून सांगतात. मला मात्र पहिल्या संध्याकाळी फार अस्वस्थ वाटले. मोजायला कोणी नव्हते.

जाण्यापूर्वी मी मुलांना पुष्कळ तयार केले होते. दाराशी, गेन्कानमध्ये, पादत्राणे काढून त्यांची टोके बाहेरच्या दिशेने वळवून ठेवायची. भातात चॉपस्टिक्स उभ्या खोचायच्या नाहीत. स्नानगृहात टबाबाहेर बसून साबणाने स्वच्छ अंग धुवायचे आणि मगच गरम पाण्यात उतरायचे. एवढे सगळे सांगितले आणि एकच सांगायचे राहिले. आजींनी पाहुणी म्हणून आमच्या मुलीला सर्वांत आधी स्नानाला पाठवले. ती अर्ध्या तासाने लालबुंद आणि प्रसन्न होऊन बाहेर आली. आपण वापरलेले पाणी दुसऱ्यासाठी ठेवणे बरे नाही म्हणून तिने टबाचे बूच काढून सगळे पाणी सोडून दिले होते आणि टब घासूनही ठेवला होता. घरात अजून चार माणसांचे स्नान व्हायचे होते, कारण तेच पाणी सगळे घर वापरते, आणि उरलेल्या पाण्यात पुष्कळ घरांत दुसऱ्या दिवशी कपडे धुतात. आजी आत गेल्या, क्षणभर काहीच आवाज आला नाही, आणि मग त्या इतक्या मोठ्याने हसल्या की सूनबाई धावत आल्या. ‘दाइजोबु, दाइजोबु’ म्हणजे ‘काही बिघडले नाही’ असे म्हणत त्यांनी पुन्हा नळ सोडला. मुलगी रडायच्या बेतात होती आणि मी, जिने तिला आठव्या शतकातल्या दोरीचा रंगही सांगितला होता, ती काय बोलणार?

त्या पाण्याने आमच्यातला संकोच मात्र वाहून नेला. जेवताना तिने धीर करून सांगितले की आपण मासे खात नाही. आजी म्हणाल्या, सुपात मासा नाहीच. खरेच नव्हता. पण सुपाचा पाया असलेली दाशी वाळवलेल्या माशाच्या किसापासून बनवली होती, आणि आजींच्या लेखी ती चव होती, मासा नव्हे. दोघींनी तुटक वाक्यांत, हातवाऱ्यांत आणि एका वहीवर चित्रे काढून या फरकावर चर्चा केली. मी मध्ये पडायला गेले तर आजींनी मला हातानेच थांबवले. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात एका भांड्यात कोम्बु हे समुद्री शेवाळ आणि वाळवलेली शिइताके अळंबी रात्रभर भिजत पडलेली दिसली. बौद्ध मठांच्या शाकाहारी स्वयंपाकात अशीच दाशी वापरतात. आजी म्हणाल्या की त्यांच्या सासूबाई श्राद्धाच्या दिवसांत ती करीत आणि त्यांनी स्वतः ती कितीतरी वर्षांत केली नव्हती.

शाळेतल्या दिवसाविषयी मुलांनी परतल्यावर पानेच्या पाने लिहिली, म्हणून मी थोडक्यात सांगते. दुपारचे जेवण, क्यूशोकु, विद्यार्थीच पांढरी टोपी आणि झगा घालून वर्गात वाढतात. जेवणानंतर संगीत सुरू होते आणि सगळी शाळा झाडू लागते. आमच्या मुलांनी आधी फोन बाहेर काढले. ओणवे होऊन, दोन्ही हातांनी ओले फडके लाकडी जमिनीवर दाबून, वऱ्हांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत जाणारी मुले पाहिल्यावर कोणालाही फोन काढावासा वाटेल. तेवढ्यात एका जपानी मुलाने चित्रण करणाऱ्याच्या हातात न बोलता एक फडके ठेवले. त्यानंतरच्या १० मिनिटांचे एकही छायाचित्र आमच्याजवळ नाही. सहलीच्या अहवालासाठी ते फार गैरसोयीचे ठरले.

निघण्याच्या सकाळी बस शाळेच्या पटांगणात उभी होती. घराघरांतून मुले येत होती, कोणाच्या हातात डबा, कोणाच्या हातात छत्री. आमच्या मुलीने गेन्कानमध्ये बूट चढवले, जे आजींनी आदल्या रात्रीच वळवून ठेवले होते, आणि सवयीने, रोज शाळेत जाताना म्हणत होती तेच म्हणाली : ‘इत्तेकिमास.’ घरातून बाहेर पडणारा जपानी माणूस हे म्हणतो, आणि त्याचा शब्दशः अर्थ ‘जाऊन येते’ असा आहे. कायमचा निरोप घेताना ते म्हणत नाहीत. तिच्या ते लक्षात आले आणि ती गडबडली. आजींनी मात्र दारात उभे राहून नेहमीचेच उत्तर दिले : ‘इत्तेराश्शाई.’ जाऊन ये.

पटांगणात मी मोजायला सुरुवात केली आणि आकडा जुळेना. प्रत्येक विद्यार्थ्याभोवती चार-पाच माणसे होती, काहींच्या खांद्यावर लहान मुले होती, आणि आमच्या कुरळ्या केसांच्या मुलीच्या केसांत कोणीतरी शाळेत न चालणारी तांबडी रिबीन बांधली होती. मला १६ येत, मग २१ येत. अखेरीस मुख्याध्यापकांनी त्यांच्या पद्धतीने ‘बांगो!’ असा पुकारा केला आणि आमच्या मुलांनी, ओळीतही नसताना, जिथे होती तिथूनच एकामागून एक आकडे दिले. ‘ज्यूक्यू’, म्हणजे १९, हा शेवटचा आकडा बसच्या मागून आला.

पुढच्या जानेवारीत मला आजींचे नववर्षाचे पत्र आले. सोबत एक छायाचित्र होते. निघण्याच्या आदल्या रात्री आमच्या मुलीने, पुढे येणाऱ्या पाहुण्यांसाठी म्हणून, स्नानगृहाच्या भिंतीवर जपानीत एक सूचना लिहून लावली होती, आणि खाली जागा उरली म्हणून तीच सूचना मराठीतही लिहिली होती. आजींनी त्या कागदाला पाण्यापासून जपण्यासाठी प्लास्टिकचे वेष्टन घातले होते. छायाचित्रात जपानी अक्षरे वाफेने थोडी पुसट झालेली दिसतात, पण खालची ओळ अगदी स्वच्छ वाचता येते : ‘कृपया बूच काढू नये.’